शिशिरातली पानगळ: अहिल्यानगरची झाडं हिवाळ्याची तयारी कशी करतात?

डिसेंबरच्या अखेरीस अहिल्यानगर शहरात पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो. चौकाचौकात शेकोट्या पेटतात. पण त्याच दिवसांत रस्त्याकडेच्या कडुलिंबाकडे पाहिलं, तर तो हिरवागार असतो. पिंपळही पानांनी भरलेला असतो. या झाडांची पानं गळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे लोकांचे स्वेटर कपाटात गेल्यावर.

युरोपात, अमेरिकेत किंवा काश्मीरमध्ये मात्र उलटं घडतं. तिथल्या चिनार, मेपल, बर्च या झाडांची पानं थंडीचा कडाका सुरू होण्याआधीच रंग बदलून खाली पडलेली असतात. दर ऑक्टोबरमध्ये लाल-पिवळ्या पानांचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात ते याच झाडांचे.

मग आपल्याकडची झाडं हिवाळ्याची तयारी करतच नाहीत का? करतात. पण ही तयारी थंडीपेक्षा जास्त कोरडेपणाची असते. हा फरक समजला की तीन गोष्टींचा उलगडा होतो: नगर जिल्ह्यातला शेतकरी डाळिंबाचं पाणी मुद्दाम का तोडतो, आपल्याकडे सफरचंद का रुजलं नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडं दिसणारं झाड 'वाळलं' म्हणून तोडणं का चुकीचं आहे.

थोडक्यात

• थंड प्रदेशातली झाडं दिवस लहान होऊ लागला की वाढ थांबवतात आणि त्यानंतर गारठा सोसण्याची ताकद टप्प्याटप्प्याने कमावतात.

• अहिल्यानगरसारख्या कोरड्या, उष्ण भागात झाडांची वाढ थांबण्याचं मुख्य कारण जमिनीतला घटता ओलावा आहे. म्हणून पानगळ थंडीच्या ऐन भरात न होता बहुतेकदा थंडी सरताना होते.

• दोन्हीकडे नियम एकच: संकट येण्याआधी वाढ थांबवायची, पानातला माल काढून घ्यायचा, डोळे बंद करायचे आणि वाट पाहायची.

मराठी ऋतुचक्र काय सांगतं?

आपल्या सहा ऋतूंमध्ये मार्गशीर्ष-पौष हा हेमंत, माघ-फाल्गुन हा शिशिर आणि चैत्र-वैशाख हा वसंत. पठारावरची सर्वात कडक थंडी साधारण हेमंतात पडते. पानगळीशी मात्र नाव जोडलं गेलं ते शिशिराचं. त्यानंतर लगेच चैत्रपालवी.

म्हणजे थंडीचा ऋतू आणि पानगळीचा ऋतू हे दोन वेगळे आहेत, हे जुन्या लोकांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. थंडीमुळेच पानं गळत असती, तर ती पौषात गळायला हवी होती. ती गळतात माघ-फाल्गुनात, कारण तोवर परतीच्या पावसाने जमिनीत साठलेली ओल संपत आलेली असते, ऊन वाढू लागतं आणि हवा कोरडी होते.

हा फरक जिल्ह्याच्या नकाशावरही दिसतो. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीची रांग आहे. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच रांगेत आहे. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. उंचीमुळे इथल्या हिवाळी रात्री चांगल्याच गार असतात. तरीही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या डोंगरमाथ्यावरची जांभूळ आणि अंजनीसारखी झाडं वर्षभर हिरवी राहतात.

पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकलं की चित्र पालटतं. राहुरी, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य पाहिलं तर खुरटी बाभूळ, हिवर आणि गवताळ माळ दिसतो. इथली झाडं पानं बारीक ठेवतात किंवा लवकर गाळतात. गारठा पश्चिमेकडे कमी नाही, पण पाणी पूर्वेकडे कमी आहे. पानगळ पाण्याच्या मागे जाते.

थंड देशातल्या झाडाला हिवाळ्याची चाहूल कशी लागते?

आधी जिथे हिवाळा खरोखर जीवघेणा असतो, तिथलं झाड पाहू.

पारा शून्याच्या २० अंश खाली जाणार असेल, तर थंडी पडल्यावर तयारी सुरू करून उपयोग नसतो. झाडाला आधीच कळायला हवं. हवेच्या तापमानावर विसंबता येत नाही, कारण सप्टेंबरमध्ये एखादा आठवडा गार आणि ऑक्टोबरमध्ये एखादा आठवडा उबदार जाऊ शकतो. दरवर्षी न चुकता त्याच तारखेला तेवढीच बदलणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे दिवसाची लांबी.

स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये जूनचा सर्वात मोठा दिवस साधारण साडेअठरा तासांचा असतो आणि डिसेंबरचा सर्वात लहान दिवस साधारण सहा तासांचा. अहिल्यानगरात हाच फरक सव्वातेरा तास आणि अकरा तास असा, म्हणजे जेमतेम सव्वादोन तासांचा आहे. त्यामुळे उत्तरेकडच्या झाडांना दिवसाचं घड्याळ जेवढं ठळक दिसतं, तेवढं ते आपल्याकडच्या झाडांना दिसत नाही.

हे घड्याळ वाचण्याचं काम पान करतं. पानात फायटोक्रोम नावाचं प्रकाश ओळखणारं प्रथिन असतं. रात्र किती मोठी झाली याची नोंद त्याच्यामार्फत होते. दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की पानातून शेंड्याकडे जाणारा 'वाढत राहा' हा निरोप थांबतो. पॉप्लर या झाडात हा निरोप 'एफटी' नावाच्या जनुकाशी जोडलेला आहे, हे स्वीडनमधल्या उमिओ इथल्या संशोधकांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिलं. विशेष म्हणजे, फुलं कधी धरायची हे ठरवण्यातही हेच जनुक भाग घेतं.

प्रकाशाने हे घड्याळ फसतंही. न्यूयॉर्कमधल्या काही झाडांची रस्त्यावरच्या दिव्याजवळची पानं बाकीच्या पानांपेक्षा उशिरा गळतात, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ मॅट्झके यांनी १९३६ मध्येच केली होती. दिव्याच्या उजेडात त्या फांदीला दिवस मोठाच वाटत राहिला.

वाढ थांबते म्हणजे नेमकं काय होतं?

झाडाची वाढ थांबणं म्हणजे केवळ नवी पानं न येणं नाही. त्यात एकामागून एक अनेक कामं होतात.

पहिलं काम शेंड्यावर. फांदीच्या टोकाला नव्या पानांऐवजी जाड खवले तयार होतात आणि आतला कोवळा भाग त्यांच्यात बंद होतो. याला कळी किंवा बागायतदारांच्या भाषेत डोळा म्हणतात. पुढच्या वर्षीची पानं, आणि अनेक झाडांत फुलंही, छोट्या रूपात आत तयार असतात.

दुसरं काम डोळ्याच्या आत. पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा बुजवल्या जातात. त्यामुळे वाढीचा निरोप आला तरी तो आत पोहोचत नाही. ही झाडाची खरी झोप. या काळात झाडाला उबदार खोलीत ठेवलं तरी ते फुटत नाही. तिला सुप्तावस्था म्हणतात. या कामात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक महत्त्वाचं असतं.

तिसरं काम पानात. पान हा झाडाचा महागडा भाग. त्यातलं नत्र आणि स्फुरद झाड फेकून देत नाही. हरितद्रव्य मोडलं जातं आणि त्या भागांतला साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त माल फांद्यांमध्ये आणि खोडात परत घेतला जातो. हिरवा रंग गेला की आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलसारख्या झाडांत याच काळात लाल रंगद्रव्य नव्याने बनतं.

शेवटचं काम देठात. पानाकडून येणारं ऑक्सिन कमी होतं, इथिलीनचा प्रभाव वाढतो आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो. वाऱ्याची झुळूक आली की पान तिथूनच तुटतं. मागे उरलेली जखम आधीच बुजवलेली असते. म्हणजे वारा पान तोडत नाही, झाडच ते सोडतं.

गारठ्याला काटक होणं म्हणजे काय?

वाढ थांबली म्हणजे झाड थंडीला तयार झालं, असं नाही. ती फक्त पूर्वअट आहे. वाढत्या कोवळ्या पेशीला काटक होता येत नाही. शेंडा थांबल्यावरच पुढची तयारी सुरू होते.

पाणी गोठलं की त्याचं आकारमान वाढतं आणि बर्फाचे स्फटिक टोकदार असतात. पेशीच्या आत बर्फ झाला तर ती फुटते, मरते. म्हणून झाडाचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी असतो: बर्फ पेशीच्या बाहेर होऊ द्यायचा, आत नाही.

लहान दिवस आणि शून्याच्या वरचा सौम्य गारवा यांनी पहिला टप्पा सुरू होतो. साठलेल्या पिष्टाची साखर होते. साखर मिसळलेलं पाणी उशिरा गोठतं. पेशीचं आवरण थंडीत लोण्यासारखं घट्ट होऊ नये म्हणून त्यातल्या स्निग्ध पदार्थांची रचना बदलते. डिहायड्रिन नावाची प्रथिनं बनतात. पेशीतलं पाणी कमी झालं तरी ती आतली रचना सांभाळून धरतात.

पारा शून्याखाली जाऊ लागला की दुसरा टप्पा येतो. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो आणि तो पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. पेशी सुकल्यासारखी आक्रसते. आत उरतो तो साखर आणि प्रथिनांचा दाट रस, जो सहजी गोठत नाही. थोडक्यात, थंडी सोसणं हे झाडासाठी बरंचसं कोरडेपणा सोसण्यासारखंच असतं. नगरच्या माळरानावरचं झाड आणि सैबेरियातलं झाड यांना जोडणारा दुवा हाच.

ही ताकद किती असते? जपानमधल्या साप्पोरो इथे काम करणारे शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिवाळ्यात पूर्ण काटक झालेल्या झाडांच्या डहाळ्या त्यांनी आधी हळूहळू गोठवल्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या. त्या जिवंत राहिल्या. अशाच झाडाची ऐन उन्हाळ्यातली कोवळी फूट शून्याखाली काही अंशांतच मरते. झाड तेच, डहाळी तीच. फरक फक्त तयारीचा.

उठण्यासाठीही थंडी लागते

झोपलेलं झाड जानेवारीतल्या एखाद्या उबदार आठवड्याला फसून फुटलं, तर पुढच्या हिमात त्याचा फुटवा जळेल. म्हणून थंड प्रदेशातल्या झाडांनी आणखी एक कुलूप लावलेलं असतं. ठरावीक तास थंडी मिळाल्याशिवाय त्यांची झोप मोडत नाही.

हिमाचल प्रदेशात आणि काश्मीरमध्ये लावल्या जाणाऱ्या सफरचंदाच्या डेलिशिअस गटातल्या जातींना साधारण १००० तास किंवा त्याहून जास्त काळ ७ अंशांच्या खालचं तापमान लागतं. अहिल्यानगरात रात्री गार असल्या तरी दुपारी पारा २५ ते ३० अंशांपर्यंत चढतो. एवढे तास जमणं शक्य नसतं. मग डोळे वेळेवर फुटत नाहीत, फुटले तर मागेपुढे फुटतात, फुलं तुरळक येतात.

अलीकडे महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी सफरचंद लावल्याच्या बातम्या येतात. ती प्रामुख्याने कमी थंडीवर फुटणाऱ्या जातींची असतात. त्यातली 'एचआरएमएन-९९' ही जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या जातीचं वेगळेपण थंडी सोसण्यात नाही, तर थंडी न मिळताही जागं होण्यात आहे.

द्राक्षाची गोष्टही अशीच. फ्रान्स-इटलीत द्राक्षवेल हिवाळाभर उघडी झोपते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ती झोपतच नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. निसर्गाच्या थंडीने करायचं काम इथे कात्री आणि रसायन करतं.

मग नगरच्या झाडांत काय होतं?

परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये संपतो. पुढचे सात-आठ महिने जमिनीला मोठं पाणी नसतं. मुरमाड जमीन लवकर कोरडी पडते, काळी जमीन थोडी उशिरा. मुळांना ओलावा कमी मिळू लागला की मुळांत आणि पानांत अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं. पानांवरची सूक्ष्म रंध्रं मिटू लागतात, नवी फूट थांबते. म्हणजे थंड देशात जे काम मुख्यतः लहान दिवस सुरू करतो, ते इथे कोरडी जमीन सुरू करते. पुढची साखळी बरीचशी तीच: माल परत घेणं, देठाचा थर सैल करणं, पान सोडणं.

पान म्हणजे पाणी बाहेर टाकणारी खिडकीही असते. पाणी मिळणार नसेल तर खिडक्या बंद करणं शहाणपणाचं. मोठ्या पानांचा साग कोरड्या जमिनीत हिवाळ्यातच पानं गाळायला लागतो आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा पालवतो. तोच साग विहिरीच्या कडेला किंवा पाटाच्या काठाला असेल, तर पानं जास्त दिवस धरून ठेवतो. ओढ्याकाठची करंज आणि अर्जुन माळावरच्या झाडांपेक्षा हिरवी दिसतात ती यामुळेच.

पानं गाळल्यावर ही झाडं मेल्यासारखी पडून राहत नाहीत. काटेसावर, पांगारा आणि पळस ऐन कोरड्या दिवसांत, अंगावर फारसं पान नसताना फुलतात. खोडात साठवलेलं पाणी आणि अन्न त्यासाठी वापरलं जातं. पानं नसल्याने फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात.

कोडं पडतं ते पुढे. कडुलिंब, पिंपळ, करंज यांना नवी पालवी मार्च-एप्रिलमध्ये येते. पाऊस तर दोन-तीन महिने दूर असतो. गुढीपाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं आणि फुलं मिळतात ती याचमुळे. जुनी, पाणी गमावणारी पानं गळाली की खोडातला आणि खोल मुळांकडचा ओलावा पुन्हा डोळ्यांपर्यंत पोहोचतो. शिवाय उष्ण प्रदेशातल्या कोरड्या जंगलांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असंही दिसलं, की काही झाडं दिवसाच्या लांबीत अर्ध्या तासाहून कमी पडलेला फरकही ओळखतात आणि पाऊस नसतानाही दिवस वाढू लागल्यावर पालवतात. म्हणजे दिवसाचं घड्याळ उष्ण प्रदेशातही आहे, फक्त त्याची टिकटिक हळू आहे.

डाळिंब: एकच झाड, दोन हिवाळे

या सगळ्याचा पैशांत हिशेब होतो तो डाळिंबाच्या बागेत.

डाळिंब मूळचं इराण आणि आसपासच्या प्रदेशातलं. तिथे हिवाळा खरा असतो, आणि डाळिंब तिथे पानं गाळून झोपतं. वसंतात जागं होऊन फुलतं. वर्षातून एकदाच.

हेच झाड संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर, श्रीगोंदा या भागात आलं, तेव्हा त्याला झोपवणारी थंडीच नव्हती. पाणी मिळत राहिलं तर ते पानं धरून ठेवतं आणि वर्षभर थोडी थोडी फुलं काढतं. शेतकऱ्याला असा विखुरलेला माल परवडत नाही. फवारणी, तोडणी, बाजार, सगळ्यासाठी फळं एकाच वेळी हवीत. म्हणून शेतकरी झाडाला हिवाळा दाखवतो. फक्त तो थंडीचा नसतो, पाण्याचा असतो. यालाच ताण देणं म्हणतात, आणि पुढच्या फुलोऱ्याला बहार धरणं.

बहार तीन. जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार, जून-जुलैचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. कोणता धरायचा हे पाणी, बाजार आणि रोगराई पाहून ठरतं.

पद्धत साधारण अशी: पाणी हळूहळू कमी करून मग बंद करतात. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत ४० ते ४५ दिवसही लागतात. पानं पिवळी पडून गळू लागतात. उरलेली पानं एकदम गळावीत म्हणून अनेक जण इथ्रेलची फवारणी करतात. त्यातून इथिलीन वायू सुटतो, म्हणजे जो निरोप झाड स्वतः देठाला देतं तोच बाहेरून दिला जातो. मग हलकी छाटणी, खतं आणि पहिलं पाणी. याला ताण तोडणं म्हणतात. त्यानंतर झाड एकदम फुटतं.

ताणाने फुलं का येतात? वाढ थांबली तरी काही काळ पानं अन्न बनवत राहतात. ते नव्या फुटीवर खर्च न होता काडीत साठतं. भरलेल्या, पक्व काडीतले डोळे फुलाकडे वळतात. ताण अपुरा राहिला तर पालवी जास्त आणि फुलं कमी येतात. ताण जास्त झाला, विशेषतः हलक्या जमिनीत किंवा अशक्त झाडांना, तर काड्या वाळतात. म्हणून ताणाचे दिवस आणि औषधाचं प्रमाण झाडाचं वय, जमीन आणि पानांची अवस्था पाहून ठरवावं लागतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र यांचं मार्गदर्शन यासाठी उपलब्ध आहे.

श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाचं आणि राहात्याच्या पेरूचं गणितही ताणावरच चालतं. लिंबाला उन्हाळ्यात भाव असतो, त्यासाठी हस्त बहार हवा. पण सप्टेंबरात पाऊसच चालू असतो, तर पाणी तोडणार कसं? म्हणून तिथे वाढ रोखणारी संजीवकं वापरण्याची शिफारस केली जाते. जमीन कोरडी करता येत नसेल तर निदान झाडाची वाढ थांबवायची, हा त्यामागचा विचार.

थंडी आलीच तर?

कोरडेपणासाठी तयार असलेलं झाड थंडीसाठी तयार असेलच असं नाही. केळी, पपई, आंब्याची कोवळी रोपं ही उष्ण प्रदेशातली. त्यांच्याकडे वर सांगितलेली काटक होण्याची यंत्रणा फारच तोकडी असते. शून्याच्या बरंच वर, १० अंशांच्या आसपासही त्यांना त्रास सुरू होतो. केळीची नवी पानं निघण्याचा वेग मंदावतो, घड बाहेर पडताना अडकतो. पपईची पानं आणि फळं खराब होतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात काही वर्षी दव गोठून पांढरे हिमकण दिसतात. फोटोला छान दिसणारी ती पहाट कोवळ्या पिकाला घातक असते.

अशा वेळी बागेत केल्या जाणाऱ्या उपायांमागचं कारण आता सहज कळेल:

• संध्याकाळी किंवा रात्री हलकं पाणी देणं. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते.

• पहाटे बागेच्या कडेला ओलसर काडीकचरा पेटवून धूर करणं. त्याने जमिनीची ऊब वर निघून जाणं काही प्रमाणात कमी होतं.

• बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि लहान रोपांवर गवताचं छप्पर.

• पश्चिम आणि उत्तरेच्या वाऱ्याला अडवणारी शेवरी किंवा सुरूची रांग.

• थंडीच्या तोंडावर युरियासारखं नत्र जास्त न देणं. नत्राने कोवळी फूट येते, आणि थंडी सर्वात आधी कोवळ्या फुटीलाच मारते.

शेवटचा मुद्दा थंड देशांतही तसाच लागू आहे. वाढ थांबली नाही, तर काटकपणा येत नाही.

संकेत चुकला तर?

झाडाची सगळी तयारी संकेतावर उभी आहे. संकेत खोटा निघाला तर तयारीच घात करते.

२०२१ च्या मार्चअखेर फ्रान्समध्ये उन्हाळ्यासारखी ऊब पडली. द्राक्षवेली आणि फळझाडं जागी झाली, डोळे फुटले. एप्रिलच्या सुरुवातीला हिमाची लाट आली आणि देशभरच्या बागांचं मोठं नुकसान झालं. काटकपणा कमवायला झाडाला कित्येक आठवडे लागतात, तो गमावायला काही उबदार दिवस पुरतात. दिवसाची लांबी हवामान बदलाने बदलत नाही, तापमान मात्र बदलतं. झाडाची ही दोन घड्याळं एकमेकांपासून दूर जाऊ लागली आहेत.

नगर जिल्ह्यात हाच घोळ पावसाने होतो. डाळिंब ताणावर असताना नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला, तर झाडाला वाटतं की कोरडे दिवस संपले. ताण अर्धवट मोडतो, पालवी फुटते, बहार मागेपुढे होतो. ओलाव्याने रोगही वाढतात. शेतकऱ्याला पुन्हा ताण द्यावा लागतो किंवा तो बहार सोडावा लागतो. वर्षाचं उत्पन्न एका बहारावर अवलंबून असलेल्या घरासाठी ही चूक फार महाग पडते.

उघडं झाड मेलेलं आहे की झोपलेलं?

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायट्यांत, शाळांच्या आवारात आणि रस्त्याकडेला पानं झडलेली झाडं 'वाळली' म्हणून तोडण्याची मागणी होते. तोडण्याआधी दोन मिनिटांची तपासणी पुरते.

नखाने बारीक डहाळीची साल थोडीशी खरवडावी. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर ती डहाळी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोड्या जाड फांदीवर पुन्हा पाहावं, कारण टोकं वाळली तरी खालचं झाड जिवंत असू शकतं. डहाळी वाकवून पाहावी. जिवंत डहाळी लवते, मेलेली कट्‌कन मोडते. टोकाशी आणि पानांच्या जुन्या खुणांवर फुगीर डोळे आहेत का ते बघावं. आणि शंका असेल तर पहिल्या पावसापर्यंत थांबावं.

शहरी भागात झाड तोडायचं तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आपल्या अंगणातलं झाड असलं तरी.

खाली पडलेली पानं जाळण्याचीही गरज नसते. झाडाने बराचसा माल आधीच परत घेतलेला असला, तरी उरलेला भाग कुजून त्याच मुळांना मिळतो. शिवाय पालापाचोळ्याचा थर जमिनीतली ओल धरून ठेवतो, आणि या भागातल्या झाडाला उन्हाळ्यात हवी असते ती नेमकी ओलच.